चुंबक चिकटत नाही, तिथे विंटेज सुरू होतं

जुनी गाडी विकणारा किंमत सांगायच्या आधी गोष्ट सांगू लागला, की गिऱ्हाइकाने खिशावर हात ठेवावा. गाडीत पत्रा असतो, इंजिन असतं, कागद असतात. हे तिन्ही धड असले तर गोष्टीची गरजच पडत नाही. खोट जितकी मोठी, गोष्ट तितकी रसाळ. अलीकडे या रसाळ प्रकाराला एक भारदस्त नाव मिळालंय: विंटेज कॅम्पर व्हॅन.

पुण्या-मुंबईचा हा आजार वऱ्हाडात पोचायला तसा वेळच लागला. पण पोचला. नागपूर-अमरावती हायवेवर, गुरुकुंज मोझरीच्या जरा अलीकडे, एका आवारात ‘ती’ उभी होती. खालून फिरोजी, वरून दुधी रंग. खिडक्यांना चौकड्यांचे पडदे. टपावरून पिवळ्या दिव्यांच्या माळा. दारावर झोकदार अक्षरांत लिहिलेलं: ‘जिथे ब्रेक, तिथे घर’. (ब्रेक आमच्यासोबत आलेल्या मिस्त्रीने नंतर तपासले. त्या हिशेबाने घर नांदगावपेठच्या टोलनाक्याशी लागलं असतं.) आणि नाकावर, सगळ्या जगाला दिसेल असा, फोक्सवॅगनचा परातीएवढा बिल्ला.

गाडी कोणती? मॅटाडोर. हो, तीच. जिच्यातून आपल्याकडे वऱ्हाडी गेले, बँडवाले गेले, संत्र्याचे क्रेट गेले आणि आजारी माणसंही गेली. तिला जर्मन बिल्ला लावल्यावर ती विंटेज झाली आणि भाव साडेसात लाख झाला.

गंमत पुढेच आहे. बिल्ला लावणाऱ्याने थोडं वाचलं असतं, तर त्याला खोटं न बोलताही मिरवता आलं असतं. टेम्पो ही मुळात हॅम्बर्गची कंपनी. तिने १९४९ साली पहिली मॅटाडोर काढली तेव्हा तिच्यात इंजिन फोक्सवॅगनचंच होतं. पुढे फोक्सवॅगनने इंजिनं द्यायचं थांबवलं. त्याच टेम्पोशी हातमिळवणी करून फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो उभी केली. आधी तीनचाकी हॅन्सिट, मग मॅटाडोर, १९८७ साली मर्सिडीजच्या घडणीची ट्रॅव्हलर. २००५ साली कंपनीचं नावच फोर्स मोटर्स झालं. आपल्याकडची मॅटाडोर त्या जर्मन घराण्याची नंतरची वंशज. म्हणजे अस्सल कुळी घरात असताना या गृहस्थांनी शेजाऱ्याचं आडनाव लावून घेतलं! पण वाचायला वेळ लागतो, बिल्ला चिकटवायला लागत नाही.

आता ‘विंटेज’कडे वळू. ही काही आजीच्या लुगड्याला द्यायची पदवी नव्हे. केंद्र सरकारने २०२१ साली यासाठी चक्क नियम केलेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नको. नोंदणीला वीस हजार, ती दहा वर्षांसाठी; नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल-डिझेल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर पडायची.

ध्यानात आलं ना? गाडी कायद्याने विंटेज असेल, तर तिच्यात पलंग-ओटा ठोकता येत नाही आणि तिला घेऊन चिखलदऱ्याला मुक्कामी जाता येत नाही. पलंग-ओटा ठोकलाय आणि मुक्कामी जायचंय, तर ती विंटेज नाही. ‘विंटेज कॅम्पर’ हा शशशृंगाच्या जातीचा पदार्थ आहे. ससाही आहे, शिंगही आहे, फक्त एकाच डोक्यावर नाही. आणि समोरच्या गाडीच्या आरसीवर साल होतं १९९३. पन्नाशी भरेल २०४३ साली. तोवर तिला जुनी म्हणायचं. जुनी म्हणायला लाज कसली?

गिऱ्हाईक म्हणजे माझाच पुतण्या. हिंजवडीत संगणकापुढे बसतो, मुळं तिवसा तालुक्यात, स्वप्नं मोबाईलमध्ये. त्याने या गाडीची तीस सेकंदांची चित्रफीत पाहिली होती आणि तेवढ्यावर बयाणा द्यायला निघाला होता. आमच्याकडे बैलबाजारात शेतकरी बैलाचे दात पाहतो, खुर पाहतो, चालवून पाहतो. शिंगं नवीन रंगवलेली दिसली तर त्याला आधी रंगाचाच संशय येतो. त्याच शेतकऱ्याचा नातू साडेसात लाखांची वस्तू घेताना पडद्याचा कपडा चिमटीत धरून म्हणतो, “काका, हिला कॅरेक्टर आहे!”

कॅरेक्टर आहे ना. तेच तर तपासायचं होतं.

विक्रेता तरुण, तोंडाने गोड. “जय गुरु, काका. या ना, पाहून घ्या. गाडी नोका म्हनू हिले, घर हाय घर. एका फॉरेनच्या जोडप्याची होती. सारा भारत फिरले ते हिच्यात. मंग जाताना रडले, काका.”

लोक रडले असतील, यावर माझा लगेच विश्वास बसला. कारणाबद्दल तेवढी शंका होती.

मी खिशातून चुंबक काढला. जुन्या स्पीकरचा, रुमालात गुंडाळलेला, म्हणजे रंगावर ओरखडा नको. जुनी गाडी पाहायला जाणाऱ्याकडे याहून स्वस्त आणि याहून निर्दय हत्यार नाही. पत्र्याला तो चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही. दाराच्या वरच्या भागात चिकटला. खाली आणला, पकड ढिली झाली. चाकावरच्या कमानीपाशी तर त्याने संबंधच नाकारला आणि माझ्या चपलेवर येऊन पडला. तिथे पत्रा नावालाही नव्हता. होती ती पुट्टी, वर फिरोजी रंग. पुतण्या तेव्हा दिव्यांच्या माळेचे फोटो काढत होता.

कुठे पाहायचं, तेही सांगून ठेवतो. गंज चारचौघांत बसत नाही. तो बसतो पायरीखाली, चाकांच्या कमानीत, पुढच्या काचेच्या रबराखाली, बॅटरीच्या तळाशी आणि टपावरच्या पन्हळीत. गालिचा दिसला की उचलायचा. तळाला नवंकोरं काळं डांबर फासलेलं दिसलं, तर विचारायचं की ही शोभा नेमकी कुणाला दिसणार होती? मिस्त्री पोतं अंथरून खाली शिरला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत गेला. ठणठण, ठणठण, भद्द. “इथं जोड हाय,” खालून आवाज आला. विक्रेता म्हणाला, “थे मजबुतीसाठी केलं, काका.” म्हणजे बाकीची चेसिस मजबूत नव्हती असं समजायचं का? यावर उत्तर नाही.

आणि मग सूर्याने उपकार केले. ऊन तिरपं झालं आणि गाडीच्या नाकावर, त्या परातीखाली, दुधी रंगाच्या पोटातून काही अक्षरं वर आली. उलटी अक्षरं. आरशात सुलटी दिसावीत म्हणून जी उलटी लिहितात, ती. पुतण्या ती लावत बसला, ओठ हलवत. मग त्याचा चेहरा उतरला. ॲम्ब्युलन्स! फॉरेनचं जोडपं, सारा भारत, निरोपाचे अश्रू! कुठल्याशा दवाखान्यातून लिलावात निघालेली ही रुग्णवाहिका, आणि हिच्यात रडलेली माणसं बहुधा आमच्याच जिल्ह्यातली.

विक्रेता जराही ढळला नाही. “पाहा ना काका, म्हंजे हिनं जीव वाचोले!” गोष्ट बदलली, किंमत तीच. या धंद्याला लागणारं खरं भांडवल ते हेच.

इंजिन पाहायला मी बॉनेटवर हात ठेवला. गरम. “सकाळी जराशी आळस करते, म्हून चालू करून ठेवली तुमच्यासाठी.” केवढं आदरातिथ्य! जुनं डिझेल इंजिन थंड असतानाच खरं बोलतं. गरम झाल्यावर त्याला शिष्टाचार सुचतो. म्हणून आम्ही बसलो. चहा घेतला, आणखी चहा घेतला. इंजिन निवल्यावर सेल्फ मारला. गाडीने घसा खाकरला, पुन्हा खाकरला, मग मागून निळसर धूर आला. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय, पंप-नोझलचं काम. निळा म्हणजे इंजिन स्वतःचं ऑइल जाळतंय. रिंगा, नाहीतर व्हॉल्व्हची सीलं. पांढरा आला आणि हटेचना, तर पाणी आत शिरतंय का ते बघा. मिस्त्रीने चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडलं. आतून फुकफुक वाफारा. तो माझ्याकडे पाहून फक्त हसला. मिस्त्री हसला की त्या हसण्याचे निदान पन्नास-साठ हजार धरावेत.

“टायर नवे हायेत, काका.” टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे होते ३८११. म्हणजे २०११ सालचा अडतिसावा आठवडा. नक्षी खरोखर नवीन होती, कारण गाडी चाललीच नव्हती. पण रबर उभ्या-उभ्याही म्हातारं होतं, आणि अकोला-अमरावतीच्या उन्हात जरा लवकरच.

आता ‘घर’. इथे विनोद संपतो आणि जिवाचा प्रश्न सुरू होतो. स्वयंपाकघर म्हणून जे होतं, त्यात १४.२ किलोचा घरगुती लाल सिलिंडर बंद कपाटात कोंबला होता. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साचतो, म्हणून कपाटाला खालच्या बाजूने बाहेर उघडणारी जाळी लागते. इथे जाळी होती. वरती. शोभेची. पलंगाखाली इन्व्हर्टरची ॲसिडची बॅटरी, तिलाही हवा नाही. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि वर निजलेल्याला पत्ता नसतो. तारा घरातल्या दिवाळीच्या माळेइतक्या बारीक, फ्यूजचा पत्ता नाही. एका बाजूला गॅस, एका बाजूला हायड्रोजन, मधे ठिणगी टाकायला तत्पर अशी वायर. आणि वर भिंतीवर लिहिलेलं ‘शांती’. चिरशांती म्हणायचं असेल.

भिंतींत थर्माकोल, त्यावर प्लाय. ऊन थांबतं म्हणे. मे महिन्यात पारा ४५ पुढे गेल्यावर थर्माकोल किती थांबवतो ते एक दुपार आत बसून पाहावं. पण खरा घोटाळा पावसात: पत्रा आणि थर्माकोल यांच्यामध्ये ओल अडकते, आणि गंजाला असं बंद, अंधारं, निवांत घर दुसरं कुठे मिळणार? गाडीत खरा मुक्काम त्याचाच.

वजन हा विषय तर या मंडळींना अश्लील वाटतो. दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो. त्यावर जाड प्लायचे कप्पे, ओटा, बॅटऱ्या, टपावर सोलर. वजनकाटा काही चंद्रावर नाही. कापसाच्या कोणत्याही जिनिंगबाहेर असतो. गाडी चढवा, आकडा पाहा, आरसीवर लिहिलेल्या वजनाशी ताडा. आणि मॅटाडोर पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी. या कलावंताने टाकी ठेवली होती अगदी मागे, शेपटाशी. चढावर भार मागे जाणार, पुढची चाकं हलकी होणार, आणि ओढायचं नेमकं त्यांनीच. म्हणून मी म्हटलं, चला परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढू, अकराशे मीटरपर्यंत. विक्रेता म्हणाला, “कायले काका, इथंच हायवेनं मारू ना एक चक्कर.” चौपदरी सपाट रस्त्यावर तर रिकामा ड्रमसुद्धा घरंगळत जातो. घाट नको म्हणणाऱ्याने परीक्षेआधीच निकाल सांगून टाकलेला असतो.

उरले कागद. पुतण्याला वाटत होतं कागद म्हणजे औपचारिकता. अरे बाबा, पत्रा वेल्डिंगने जोडता येतो, कागद येत नाही! आरसीवर वर्ग अजून रुग्णवाहिकेचाच. म्हणजे सरकारदरबारी आत पेशंट, बाहेर पर्यटक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली केरळच्या एका प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. कलम १८२अ प्रमाणे मालकाला बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मोटर कॅरव्हॅन’ म्हणून रीतसर वर्ग आहे, तिच्यासाठी एआयएस १२४ नावाचं मानकही आहे. आपल्या राज्याने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलं. रस्ता आहे. पण त्या रस्त्याने जायला तपासणी लागते, आणि तपासणी या ‘मुक्त जीवना’च्या तत्त्वज्ञानात बसत नाही.

“कायले झंजट पाह्यता काका, आरटीओत आपला मानूस हाय,” विक्रेत्याने ब्रह्मास्त्र काढलं. सोबत कोऱ्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर कुणाच्या तरी सह्या. कुणाच्या? “जुन्या मालकाच्या.” तो कुठेय? “असन कुठीतरी.” म्हणजे आरसीवर एक, सहीला दुसरा, पैसे घेणारा तिसरा आणि फसणारा चौथा. विक्रीनंतर विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवायचं, असं कायदा म्हणतो. आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अपघात झाला तर भरपाईला नोंदणीवरचा मालकच धरला जाणार, गाडी चार हात फिरलेली असली तरी. म्हणजे कोरे फॉर्म देणारा घेणाऱ्यापेक्षा मोठा वेडा. फक्त त्याला अजून कळलेलं नाही.

मिस्त्रीने चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. उठलेला आकडा आरसीशी ताडला. मधला एक अंक जुळेना. विक्रेत्याने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, मग म्हणाला, “गंजला असन, काका.” सकाळपासून गाडीत गंज नावालाही नव्हता, गरज पडताच तो हजर झाला. शिवाय पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करायची, त्याआधी पासिंग. वीस वर्षांवरच्या गाडीला नुसती फी आता दहा हजार. वर राज्याचा पर्यावरण कर. बोजा उतरलाय का, जुनी चालानं थकली आहेत का, हे वेगळंच. आणि विम्याच्या कागदावर हिच्या पोटातल्या ओट्याचा नि पलंगाचा उल्लेखही नाही. दावा करायची वेळ आली की विमा कंपनीला वाचता येऊ लागतं.

मला राग या विकणाऱ्या पोराचा नाही. तो पोट भरतो, आणि कल्पनाशक्तीवर भरतो. माझा राग आहे ‘साधं जीवन’ विकत घ्यायला कर्ज काढणाऱ्यांवर. मोझरीत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली आश्रम उभारला. पुण्यतिथीला इथे गावोगावची मंडळी येतात, टेम्पोत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ताडपत्रीखाली. सतरंजी, स्टोव्ह, पिठाचा डबा, भजनाला खंजिरी. निजतात, शिजवतात, गातात, आवरून जातात. त्यांना कुणी ‘व्हॅन लाइफ’ म्हणत नाही, कारण त्यांच्या ताडपत्रीला हप्ता नाही. आमचा पुतण्या मात्र संसाराच्या पाशातून सुटण्यासाठी साठ महिन्यांचे हप्ते बांधून घ्यायला निघाला होता. मोक्षाला एवढं व्याज कोण लावतं?

जुनी मॅटाडोर घेणं हा गुन्हा नव्हे. ज्याच्याकडे ओळखीचा मिस्त्री आहे, पार्ट शोधायची चिकाटी आहे आणि कागद स्वतःच्या नावावर करून घ्यायची अक्कल आहे, त्याने जरूर घ्यावी. फक्त जुनी मॅटाडोर म्हणून, जुन्या मॅटाडोरच्या भावात. विकणाऱ्याला एकच विचारा: हाच पत्रा, हेच इंजिन, हेच कागद, दिवे, पडदे, बिल्ला आणि फॉरेनचं जोडपं काढून घेतलं, तर भाव काय?

आमच्या विक्रेत्याला विचारलं तेव्हा तो पहिल्यांदाच गप्प बसला. मग दुखावल्या सुरात म्हणाला, “काका, तुमाले विंटेजची कदरच नाही.” खरं आहे. कदर असती तर चुंबक घरी ठेवून आलो असतो. आणि पुतण्याला दिवेच हवे असतील, तर अमरावतीच्या इतवाऱ्यात माळ स्वस्तात मिळते. तिला ना पासिंग लागतं, ना चेसिस नंबर.